गरवायला निघालेल्या नवख्यासाठी

मांडवीच्या जेटीवर मी पहिल्यांदा गरी टाकली ती थेट उजवीकडच्या तिघांच्या दोऱ्यांवर. नवी कोरी काठी, नवं रीळ, दुकानदारानं गळ्यात मारलेली सात-आठ रंगीत प्लॅस्टिकची माशुकली आणि वाऱ्याचा अंदाज शून्य. शिसं तिरकं गेलं, भरतीच्या ओढीनं आणखी तिरकं झालं आणि चार दोऱ्यांचा मिळून एक गठ्ठा वर आला. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली. टोकाला बसलेल्या तात्यांनी विडी विझवली, गठ्ठा मांडीवर घेतला आणि वीसेक मिनिटं एक शब्द न बोलता सोडवत बसले. शेवटी माझं शिसं माझ्या हातात ठेवून म्हणाले, "वारा कुठनं येतोय ते बघ आधी. मग टाक."

मासे धरायला मी तिथून शिकायला लागलो. पुढे लिहिलंय ते बहुतेक सगळं रत्नागिरीच्या आसपासच्या जेट्या, खडप (समुद्रकाठचे कातळ) आणि भाट्याच्या खाडीच्या काठावर लोकांकडून मिळालेलं आहे. आमच्याकडे या उद्योगाला गरवणं म्हणतात. पोटासाठी मासेमारी करणाऱ्या खारवी, दालदी, गाबीत, कोळी लोकांचं काम वेगळं. आपण हौशी. हा फरक डोक्यात ठेवला तर निम्म्या चुका होतच नाहीत.

पहिले दोन-तीन दिवस हात रिकामे ठेवा

काठी घ्यायच्या आधी जेटीवर नुसते जाऊन बसा. संध्याकाळी चारनंतर कुठल्याही जेटीवर पाच-सात जण असतातच. कोण कुठल्या दिशेला टाकतो, शिसं किती जड लावतो, आमिष काय आहे, मासा लागल्यावर शेजारचे काय करतात, हे बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कधी गुंडाळून घरी जातात ते बघा. पाच जण एकदम उठले तर त्याला पाण्याचं काहीतरी कारण असतं.

बोलायला सुरुवात कशी करायची? "मासे कुठं मिळतात हो?" हा प्रश्न विचारू नका. घरातून निघालेल्याला "कुठं" विचारू नये हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं, गरीवाल्याला तर मुळीच विचारू नये. कामाला जाण्याआधी शकुन बिघडतो आणि परतताना विचारलंत तर उत्तर खोटं मिळतं. त्यापेक्षा "काका, आज पाणी कसं आहे?" असं विचारा. पाण्याबद्दल बोलायला प्रत्येकाला आवडतं. पाण्यावरून वाऱ्यावर, वाऱ्यावरून आमिषावर गोष्ट आपोआप सरकते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी स्वतःहून म्हणतं, "गरी नाय आणलीस? ही धर माझी." तिथून पुढे तुम्ही त्यांच्यातले.

सामान: थोडं आणि साधं

पहिली गरी हातदोरीच असू द्या. एखादी रिकामी प्लॅस्टिकची बाटली किंवा लाकडाचा ठोकळा, त्यावर ५० मीटर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा. ३० ते ५० ग्रॅमचं शिसं, एक फिरकी (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि गळ. झालं. हातदोरीनं एक गोष्ट होते जी महागड्या काठीनं होत नाही: तर्जनीवरून दोरा जातो, त्यामुळे खाली काय चाललंय ते बोटाला कळतं. खेकडा आमिष कुरतडतोय तो 'कुर्र कुर्र' वेगळा, शिंगाळ्याची ओढ वेगळी आणि तांबोशीचा झटका तर बोट कापून नेईल असा. काठीवर आलात तरी बोटाची ही ओळख राहते.

गळाचे नंबर नवख्याला हमखास फसवतात. ८ नंबरचा गळ ४ नंबरपेक्षा लहान असतो, म्हणजे आकडा वाढेल तसा गळ बारीक. पण १ च्या पुढे १/०, २/०, ३/० असं सुरू झालं की उलटं: आकडा वाढेल तसा गळ मोठा. काळुंदर, मुडदुशी असल्या लहान तोंडाच्या माशांना ६ किंवा ८ पुरे. तांबोशी, गोबरा, जिताडा यांच्यासाठी १/० च्या वर जा. दोन्ही आकाराचे पाच-पाच घ्या, कारण खडपात गळ अडकणार, तुटणार. सुरुवातीला मी एका संध्याकाळी चार तरी गळ गमावायचो.

गाठ नीट यायलाच हवी. घरी शंभरदा बांधून बघा, जेटीवर काळोखात बांधायची आहे. दोरा गळाच्या डोळ्यातून घाला. मोकळं टोक मुख्य दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा फिरवा. आता डोळ्याला लागून जो लहान फासा तयार झालाय त्यातून टोक परत आत घाला. ओढण्याआधी थुंकी लावा. हसू नका. कोरडा तंगूस घासून ओढला की गरम होतो आणि नेमका गाठीपाशीच कमकुवत होतो. ओला करून हळू ओढलात तर वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसतात. टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. माझा पहिला मोठा मासा गाठ सुटूनच गेला. वर आलेल्या दोऱ्याच्या टोकाला पिळदार, डुकराच्या शेपटीसारखं वळण होतं. ते वळण दिसलं की समजायचं, दोरा तुटलेला नाही, गाठ घसरली आहे.

मांडणी सगळ्यात सोपी ती पळत्या शिशाची. मधे भोक असलेलं शिसं मुख्य दोऱ्यात ओवा, मग फिरकी बांधा, फिरकीच्या दुसऱ्या बाजूला दीड-दोन फूट दोरा आणि त्याला गळ. मासा आमिष घेऊन निघाला की दोरा शिशातून पळतो, त्याला वजन जाणवत नाही.

काठी घ्यायचीच असेल तर आठ ते दहा फुटांची, मध्यम ताकदीची घ्या, आणि साधारण ४००० मापाचं रीळ. रिळाचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा. दोरा दहा किलोचा असेल तर तीनेक किलोच्या ओढीला रीळ सुटलं पाहिजे. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा आणि ब्रेक सैल करून ठेवा. खाऱ्या हवेत न धुतलेलं रीळ एक पावसाळाही काढत नाही.

एक विनंती. विणलेला दोरा, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात, तो गर्दीच्या जेटीवर सुरुवातीला आणू नका. दिसायला बारीक, ताकदीला दुप्पट, आणि शेजाऱ्याचा ताणलेला तंगूस त्याला घासला की करवतीसारखा कापतो. बोटंही कापतो. तात्यांनी माझा तो गुंता सोडवला कारण तो तंगूस होता. ब्रेड असता तर सुरी काढावी लागली असती.

पाण्याची वेळ: भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून

भरतीची वेळ आता फोनवर मिळते, मिळू दे. पण जेटीवर म्हातारी माणसं अजून तिथीवरून सांगतात आणि तो हिशोब यावा. तिथीच्या आकड्याला पाऊणपट करा. आज षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही. अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरातून कधी निघायचं ते ठरवायला एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी तीच भरती पाऊण तासानं, नेमकं सांगायचं तर पन्नासेक मिनिटांनी, उशिरा येते.

पुनव-अवसेच्या आसपासचं ते उधाण, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि ओढही जबरदस्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी आळशी. मुंबईला उधाणात चढ-उतार पाच मीटरच्या घरात जातो. तिथून दक्षिणेला येत गेलं की कमी होत जातो, मालवण-गोव्याकडे दोन-सव्वादोन मीटर. म्हणून मुंबईकर मित्राचा सल्ला मालवणात जसाच्या तसा लागू पडत नाही. मुंबईत १०० ग्रॅम शिसं लागतं तिथे इकडे ४० पुरतं.

मासा कधी खातो यावर दोन गरवणाऱ्यांचं एकमत व्हायचं नाही. एवढं मात्र सगळे मानतात की पाणी हलतं असलं पाहिजे. भरती पूर्ण होऊन पाणी थांबलं की सगळी रांग चहाला उठते. खाडीत मला स्वतःला ओहोटी लागल्यावरचे पहिले दोन तास आवडतात. खारफुटीत शिरलेली चिंगळं, म्हणजे बारीक कोळंबी, पाण्याबरोबर बाहेर निघतात आणि तोंडाशी तांबोशी वाट बघत असते.

आमिष जास्तच न्या

जिवंत कोळंबी मिळाली तर प्रश्नच नाही. नाहीतर बाजारातली ताजी चिंगळं, बांगड्याचा पट्टीसारखा कापलेला तुकडा, कालवं, लहान कुर्ल्या. बोय मासा या कशालाच भीक घालत नाही, त्याला मळलेल्या कणकेची बारीक गोळी लागते. कोळंबी शेपटीकडून ओवा, गळाचं टोक पोटाखालून जरासं बाहेर राहू द्या. बांगड्याला कातडीसकट कापा आणि गळ कातडीतून काढा, नुसत्या मांसात घातला तर फेकतानाच आमिष समुद्रात आणि गळ उघडा.

आणि लागेल त्याच्या दुप्पट आमिष न्या. संध्याकाळी सहा वाजता शेजाऱ्याचं आमिष संपतं, मासा तर खातोय, बाजार लांब. त्या वेळी न मागता चार चिंगळं पुढे केलीत तर पुढच्या सहा महिन्यांचा सल्ला तुम्हाला फुकट मिळतो. हे मी हिशोबानं सांगत नाहीये, पण होतं असं खरं.

रांगेतलं वागणं

इथे जरा थांबून वाचा.

आधीपासून बसलेल्याच्या डाव्या-उजव्या बाजूला किमान दोन काठ्यांचं अंतर सोडा. बसण्याआधी विचारा, "इथं टाकू का?" नाही कुणी म्हणत नाही, पण विचारलेलं लक्षात राहतं. फेकताना मागे बघा. जेटीवर पोरं धावत असतात आणि मागे झुलणारा गळ कानात जायला वेळ लागत नाही. सरळ समोर टाका. ओढीनं तुमचा दोरा शेजाऱ्याकडे सरकायला लागला तर शिसं वाढवा किंवा गुंडाळून परत टाका. कुणाची काठी, कुणाचा दोरा ओलांडून जाऊ नका, वळसा घाला. याला कुणी श्रद्धा म्हणेल, कुणी म्हणेल पाय अडकतो. मी दोन्ही कारणांसाठी वळसा घालतो.

शेजाऱ्याला मोठा मासा लागला की आपली गरी वर घ्यायची. लगेच. तुम्हालाही ओढ जाणवत असली तरी. मासा आडवा पळतो आणि चार दोऱ्या गोळा करून सुटतो. जेटी उंच असेल तर कुणीतरी पायऱ्यांवर उतरून जाळी धरायची असते. ते काम नवख्यानं करावं, कारण त्यात खूप शिकायला मिळतं. जाळी माशाच्या मागे नेऊ नका. पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि गरीवाल्याला मासा डोक्याकडून जाळीत आणू द्या. शेपटीकडून जाळी लावलीत तर तो उसळी मारून जाणार. असा एक माझ्या हातून गेलेला आहे, चांगला चारेक किलोचा. ज्याचा गेला तो म्हणाला, "जाऊ दे, त्याचं आयुष्य होतं." त्या दिवशी चहाचे पैसे मी दिले.

गुंता झाला की दोष कुणाचा हे शोधू नका. ज्याचा दोरा स्वस्त त्यानं कापावा, असा आमचा न लिहिलेला नियम आहे. आणि कुणाच्या माशाला "लहान आहे" म्हणू नका.

जागांबद्दल बोलायचं तर जेटी सगळ्यांची, पण आडवाटेची खडपं ही विश्वासानं दाखवलेली असतात. कुणी तुम्हाला घेऊन गेलं तर पुढच्या वेळी त्यालाच विचारून जा, तिसऱ्याला घेऊन जाऊ नका. फोटो काढताना मागे देऊळ, दीपस्तंभ, ओळखता येईल असा दगड येऊ देऊ नका. मी एकदा मासा धरून फोटो काढला, व्हॉट्सॲपवर टाकला आणि पुढच्या रविवारी त्या खडपावर अकरा माणसं होती. ज्यानं जागा दाखवली होती तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबर होतं.

होड्या लागायच्या, मासळी उतरायच्या वेळेला जेटीवरून बाजूला व्हा. लावलेल्या जाळ्यांच्या जवळ टाकू नका. ते त्यांचं पोट आहे, आपला रविवार.

जिवाचं सांभाळा

खडपावर पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसत्या लाटा बघा. दगड कुठपर्यंत ओला आहे ते बघा, त्याच्या वर उभे राहा. समुद्राकडे पाठ करू नका, आमिष लावतानाही. एकट्यानं जाऊ नका. भरती चढतेय आणि मागची वाट पाण्याखाली जाणार असेल तर मासा कितीही खात असो, उठा. जून-जुलैत खडप विसरा. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांनाही बंदी असते आणि ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते घरी बसलेले असताना आपण हौसेनं खडपावर जाणं शोभत नाही. पायात बूट हवेत, कालवांची कड ब्लेडसारखी असते.

शिंगाळ्याला कल्ल्यांपाशी दोन आणि पाठीवर एक असे तीन काटे असतात, विषारी. कापडानं धरा, पक्कडीनं गळ काढा. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, उष्णतेनं त्या विषाचा जोर कमी होतो. पाण्याची ऊब आधी दुसऱ्या, धड हातानं बघा, ठणक्यात चटका कळत नाही. मग डॉक्टरकडे जा. पाकटाच्या शेपटीच्या काट्यालाही हेच. आणि केंड लागला, पोट फुगवून चेंडू झाला, तर पोरांना दाखवा आणि सोडून द्या. तो खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.

गळ बोटात काट्यापलीकडे रुतला तर उलटा खेचू नका, दोरा कापा आणि दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. मी आता गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीनं दाबून टाकतो. मासे थोडे सुटतात, पण लहान माशाला इजा न करता सोडता येतं आणि बोटालाही.

काय न्यायचं, काय सोडायचं

२०२३ साली राज्य सरकारनं ५४ प्रजातींच्या पकडायच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. तो नियम प्रामुख्यानं व्यवसायासाठी असला तरी हौशी माणसानं त्याहून कडक राहावं असं मला वाटतं. तळव्याएवढी तांबोशी सोडा. जिताड्याचं तर आणखी वेगळं आहे: तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ज्याच्यासोबत फोटो काढावासा वाटतो तो खूप मोठा जिताडा जवळपास नक्की मादी. गोबऱ्याचं याच्या उलट, आधी मादी, मग नर. हे कळल्यापासून मी मधल्या मापाचे नेतो, फार लहान आणि फार मोठे सोडतो. तात्यांना हे पटत नाही. "मोठो सोडूचो तर येवचा कित्याक?" अशी त्यांची मालवणी, मूळचे ते देवगडकडचे. वाद चालू आहे.

सोडताना हात ओले करा, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तुटलेला तंगूस खिशात घाला आणि घरी न्या. पाणकावळ्याच्या पायात गुंडाळलेला तंगूस एकदा बघितला की पुन्हा टाकवत नाही.

घाटावरच्या मंडळींसाठी दोन ओळी. धरणा-तलावांत मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा आधी विचारा. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, पण तिथे मगरी आहेत, पाण्यात पाय सोडून बसू नका. आणि नदीत महसीर, म्हणजे आपला खडस, लागलाच तर सोडून द्या. लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पिल्लं मुद्दाम वाढवून पाण्यात सोडावी लागलेली आहेत.

रिकामी पिशवी

पहिले काही आठवडे काही मिळणार नाही. मला पाचव्या खेपेला एक शिंगाळा मिळाला, तोही काटा मारून गेला. त्या पाचही संध्याकाळी कुणीतरी निघताना माझ्या पिशवीत डोकावायचं आणि न विचारता दोन मुडदुश्या, एखादा बोय टाकायचं. नको म्हणायचं नसतं. घरी आई विचारायची, तू धरलास? मी हो म्हणायचो. तिला काय, कळत होतंच, बोयाच्या तोंडाला गळाची खूणच नसायची. ते जाळ्यातले होते.

मागच्या महिन्यात अष्टमीला, भांगाचं पाणी, कुणालाच काही नाही. माझ्या शेजारी एक कॉलेजातला पोरगा बसला होता, नवी काठी, डब्यात रंगीत माशुकली. त्यानं टाकली ती बरोब्बर माझ्या आणि तात्यांच्या दोऱ्यावर. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गठ्ठा माझ्या मांडीवर टाकला.